तिसरा डबा का पडत होता

तिसरा डबा माघात पहिल्यांदा पडला आणि अश्विनापर्यंत पडत राहिला. आठ महिने मी त्या डब्याशी भांडलो. डबा केवढा, तर वीतभर. आणि तो जिथं पडायचा त्याच्या बरोबर खाली, तळमजल्यावरच्या खोलीत, रोज दुपारी तीन ते पाच माझ्या बायकोचा शिवणक्लास भरायचा. सात-आठ बायकापोरी तिथं मशीनवर बसलेल्या असायच्या. आज लिहिताना या दोन गोष्टी एकीपुढं एक आपोआप आल्या. तेव्हा मी त्या एकत्र येऊ दिल्या नव्हत्या.

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं मेंटेनन्स फिटर होतो. मशीन बंद पडलं की साहेब लोक कागद चाळत बसायचे आणि मी पाना घेऊन आत शिरायचो. नवीन लागलेल्या फिटरांना माझं एकच सांगणं असायचं. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर कशानं दुरुस्त झालं ते कळत नाही, आणि जे कळलं नाही ते पुन्हा बिघडतं. हे मी शिव्या घालून सांगायचो, म्हणून त्यांच्या लक्षात राहायचं. माझ्या स्वतःच्या लक्षात किती राहिलं ते पुढं येईलच.

निवृत्त झाल्यावर गाडीचं खूळ लागलं. लहानपणी बारामतीहून दौंडला छोट्या गाडीनं जायचो. अरुंद रुळांची, रमतगमत जाणारी गाडी. ती बंद होऊन जमाना झाला, पण तिची खडखड माझ्या कानातून गेली नाही. सणसरच्या शिवारात आमचं घर आहे, त्याच्या वरच्या खोलीत मी प्लायवूडचं मोठं टेबल केलं आणि त्यावर लंबगोल रूळ अंथरले. इंजिन पुण्याहून आणलं. डबे मात्र घरीच केले, पातळ पत्र्याचे. चाकं तेवढी विकतची. बायको म्हणाली, "आता पाळण्यात बसायचं तेवढं ऱ्हायलंय तुमचं." तरी पाहुणे आले की तीच त्यांना वर पाठवायची, "जा, आमचं येडं बघून या" म्हणून. ती स्वतः गुडघ्यांमुळं जिना चढायची नाही.

आता विहिरीचं. ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, आणि सांगायला अजूनही जीभ रेटत नाही.

या दोन खोल्या, खाली एक आणि वर एक, मी नऊ वर्षांपूर्वी जुन्या घराला लागून दक्षिणेला बांधल्या. तिथं आधी विहीर होती. पाणी आटलेली, कडा ढासळलेली, निरुपयोगी. शेजारचे तात्या तरुणपणी ती विहीर खोदायला होते. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं असायची, आता ऊस आहे. मी विहीर बुजवतोय म्हटल्यावर ते मुद्दाम आले आणि बांधावर बसून मला सगळं समजावून गेले. "नारळ फोड, हिरीतल्या आसरांची ओटी भर. मग दगूड, मुरूम, दगूड, मुरूम, आसं थर दे. दर थराला पानी मार, धुमसानं चोप. वर ढीग करून ठेव आन दोन पाऊसकाळ तसाच ऱ्हाऊ दे. बसंल तसा वरनं भरत जा. आन येवढं करून बी तिच्यावर घर नको रं बाबा. वैरणीची गंज घाल पायजे तर."

नारळ मी फोडला. ओटीही भरली. पुढचं काही केलं नाही.

झालं असं की साखर कारखान्याचा हंगाम चालू होता. ऊस टाकून येणारे ट्रॅक्टर परतताना ट्रॉलीत प्रेसमड आणायचे. प्रेसमड म्हणजे उसाच्या रसाचा गाळ. काळा, भुसभुशीत, आंबूस वासाचा. लोक खत म्हणून शेतात टाकतात. मुरूम आणायचा म्हणजे खाण शोधा, खेपा ठरवा, महिनाभर थांबा. हे दारावरून जात होतं. मी हात केला आणि ट्रॉल्या विहिरीच्या तोंडावर उलट्या करून घेतल्या. वर बॉयलरची राख, शेतातलं पाचट, जे हाताला लागेल ते. विहीर चार दिवसांत भरली. वरून दोन ट्रॉल्या मुरूम पसरला, तेवढाच काय तो दिसायला. आमच्या भागात ऊस सोडून दुसरं काही सुचत नाही हेच खरं. विहीरसुद्धा मी उसानंच भरली.

बायको तेव्हा आईच्या आजारपणामुळं पंधरा दिवस माहेरी होती. आल्यावर तिनं विचारलं, "कशानं भरली?" मी म्हटलं, मुरमानं. तात्यांनी विचारलं, "थर दिलं का?" मी म्हटलं, दिले. उन्हाळ्यात पाया घेतला. गवंडी जरा कुरकुरला, तर त्याच्यावर ओरडलो.

यंदाच्या माघात तात्यांच्या नातीचं लग्न झालं. ती पोर आमच्याच क्लासमध्ये शिकलेली, बायकोची लाडकी, कळंबला दिली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन गाडी सोडली, आणि दक्षिणेकडच्या वळणावर तिसरा डबा रुळावरून उतरून बाहेरच्या अंगाला आडवा झाला. मी उचलून ठेवला. पुढच्या फेरीत तिथंच पडला.

पडणाऱ्या डब्याची तपासणी कशी करायची हे मला कुणी शिकवायला नको. आधी डबा उलटा केला. खाली दोन टोकांना चार-चार चाकांचं एकेक गाडं असतं, त्याला खरं तर बोगी म्हणतात; आपण लोक अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. ते गाडं आपल्या स्क्रूवर मोकळं फिरलं पाहिजे. फिरत होतं. मग व्हर्निअर लावून समोरासमोरच्या दोन चाकांमधलं अंतर मोजलं. केसभर फरक नाही. चाकाची कड बोटानं चाचपली, काचेवर ठेवून चारही चाकं टेकतात का पाहिलं. डबे जोडणाऱ्या कपलिंगचा आकडा या डब्याला वर उचलत असेल म्हणून तो वाकवून पाहिला. डबा चोख होता. तासाभरात माझी खात्री झाली होती की डब्यात काही खोट नाही. हे मी आता लिहितोय खरं, पण ते मला त्याच दिवशी कळलं होतं.

मग रूळ. सांध्यावर नख फिरवलं, कुठं अडलं नाही. राहिलं टेबल. लेव्हलची पट्टी ठेवली तर बुडबुडा जरासा उत्तरेला सरकलेला, म्हणजे टेबल दक्षिणेला झुकलेलं. वळण बाहेरच्या बाजूला कललं की डबा बाहेर पडणारच. हलका डबा आधी पडणार, आणि तिसरा सगळ्यात हलका होता. कारण सापडलं. खिडकीत तात्यांच्या नातीच्या लग्नाची पत्रिका पडली होती, जाडजूड, सोनेरी छपाईची. ती दुमडून मी टेबलाच्या दक्षिणेकडच्या पायाखाली सरकवली. बुडबुडा मधे आला, गाडी सुरळीत फिरली. मी खाली जाऊन चहा प्यालो.

टेबल का झुकलं, हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर त्याला मी शॉपफ्लोअरवर उभा फाडला असता.

तीन आठवड्यांनी डबा पुन्हा पडला. दुसरी पत्रिका घातली. घरात पत्रिकांना काय तोटा, लग्नसराई चालू होती. मग तिसरी. पण प्रत्येक वेळी नुसती पत्रिका सरकवून माझं समाधान होत नव्हतं, म्हणून मी डब्यालाही काहीतरी करायचोच. पोटात शिशाचे तुकडे चिकटवून वजन वाढवलं. ते दोन्ही टोकांना सारखं झालं का हे बघायला डबा बारामतीला एका सोनाराकडं नेला आणि त्याच्या काट्यावर तोलून घेतला. तो माणूस माझ्याकडं बघतच राहिला. चाकं नवी घातली. वळणाचे रूळ उखडून पुन्हा ठोकले. एका वेळी तीन-तीन गोष्टी बदलत होतो, म्हणजे कशानं काय झालं हे कुणालाच, अगदी मलाही, सांगता येऊ नये.

मधे एक गोष्ट लक्षात आली होती. कालव्याला पाणी सुटलं की पुढच्या चार-आठ दिवसांत डबा हमखास पडायचा. मी म्हटलं, हवेत ओल येते, प्लायवूड फुगतं. वैशाखात, जेव्हा जमीन फुटायला आलेली असते, तेव्हा कुठली हवेतली ओल? ओल होती ती जमिनीखालून येणारी.

आषाढात बायको म्हणाली, "क्लासच्या खोलीचं दार घासतंय खाली."

"पावसाळा हाय. लाकूड फुगतं."

"लोखंडी चौकट हाय ती."

"मग दार फुगलंय. तुला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणून मी रंधा काढला आणि दाराची खालची कड तासून दिली. श्रावणात पुन्हा घासलं, पुन्हा तासली. मला रात्री झोप लागत होती, हे सांगताना आता लाज वाटते.

भाद्रपदात दुसरा डबाही पडायला लागला.

अश्विनात तात्यांची नात सातव्या महिन्यात माहेरी आली. घरात बसून कंटाळा येतो म्हणून पुन्हा क्लासला यायला लागली. बायकोनं तिला दक्षिणेच्या कोपऱ्यातलं मशीन दिलं, खिडकीचा वारा येतो म्हणून. तात्या तिला रोज पोचवायला यायचे आणि क्लास सुटेपर्यंत लिंबाखाली बसून राहायचे. मी वरच्या गॅलरीतून त्या दोघांना येताना बघायचो. तिचं पोट दिसायला लागलं होतं, ती सावकाश चालायची. ती खाली बसली की मी वर गाडी सोडायचो नाही. का सोडत नाही, हे मी स्वतःला विचारलं नाही.

एके दिवशी ऊन फार होतं. ती दोघं अडीचलाच आली. तात्या काठी टेकत टेकत जिना चढून वर आले आणि खाटेवर बसले. "सोड की तुझी रेल," म्हणाले. नाही कसं म्हणणार? सोडली. वळणावर तिसरा डबा पडला. उचलून ठेवला. पुन्हा पडला, त्याच्याबरोबर दुसराही.

"ह्यो सारखा तितंच पडतोय व्हय?"

"हलका हाय, तात्या. वजन घालायचं हाय अजून."

तात्या वळणाकडं बघत म्हणाले, "आमच्या कळपात एक मेंढी व्हती. रोज एकाच बांधावर घसरायची. आमी चार दिस तिचा पाय चोळत बसलो. बांध आतनं घुशींनी पोखरला व्हता." मग काठीनं जमिनीकडं दाखवत म्हणाले, "ह्याच अंगाला हीर व्हती न्हवं?"

मी लेव्हलची पट्टी घेतली. आठ महिन्यांत ती मी टेबलावर कितीदा ठेवली होती. खोलीच्या फरशीवर एकदाही ठेवली नव्हती. ती मी वाकून फरशीवर ठेवली, आणि बुडबुडा उत्तरेच्या टोकाला जाऊन तिथंच चिकटला. खालून मशीनचा आवाज येत होता. ती पोर कामाला लागली होती.

जिना कसा उतरलो आठवत नाही. हातात हातोडी होती. बायको स्वयंपाकघरात चहा टाकत होती, बाकीच्या बायका अजून यायच्या होत्या. क्लासच्या खोलीत दाराजवळ मी हातोडीचा दांडा फरशीवर आपटला. ठस्स, भरीव आवाज. दोन पावलं पुढं, तसाच. मधोमध, तसाच. मशीनपासून तीन हातांवर आपटला, तर खाली रिकामा हंडा असावा तसा आवाज आला. ती पोर पायडल मारत होती आणि तिच्या पायाखालची फरशी बारीक थरथरत होती. छोटंसं झबलं शिवत होती.

"बाळ," मी म्हटलं, "मशीन थांबव."

"येवढी शिलाई संपवते काका."

"नको. पाय काढून घे. ऊठ, सावकाश. भिंतीला धरू नको. माझ्याकडं बघत ये."

मी एवढं हळू बोलतोय म्हणूनच ती घाबरली. पण उठली. एक हात पोटावर, एक हात माझ्याकडं. पाच-सहा पावलं असतील. तिचा हात हातात आला तसं मी तिला दाराकडं घेतलं.

तिला बाहेर लिंबाखाली बसवलं. मग मी परत आत गेलो, भरीव जागेवर पालथा पडलो आणि हात लांब करून छिन्नीनं एका फरशीचा सांधा फोडला. फरशी उचलली. खालचा कोबा पापडासारखा तडकलेला होता. त्याचा तुकडा काढला तर आत अंधार आणि आंबूस, कोंदट वास. ओळंबा सोडला. दोरी जात राहिली. एक पुरुष खोल गेली, दोन पुरुष खोल गेली, तेव्हा कुठं शिसं काहीतरी मऊ वस्तूत रुतलं. नऊ वर्षांत गाळ कुजत कुजत तेवढा खाली बसला होता. क्लास सुरू झाल्यापासून सहा वर्षं माझी बायको त्या पोकळीवर कात्री चालवत होती.

ओळंबा वर ओढून मी बाहेर आलो. तात्या खाली उतरून नातीजवळ उभे होते. त्यांनी ओळंब्याला लागलेला काळा चिखल चिमटीत घेतला, नाकाशी नेला. अर्धं आयुष्य उसात गेलेला माणूस, त्याला तो वास सांगावा लागत नाही.

"ह्यो मुरूम न्हाय," ते म्हणाले.

"न्हाय, तात्या."

"थर दिलं म्हनला व्हतास."

"न्हाय दिलं."

बायको चहाचं ताट घेऊन दारात उभी होती. तिनं ते तसंच जमिनीवर ठेवलं, नातीजवळ गेली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. माझ्याकडं बघितलं नाही. तात्या नातीला घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून लिंबाखाली कुणी बसायला आलं नाही.

इंदापूरहून एक जाणता गवंडी बोलावला. तो दारातूनच बघून म्हणाला, वरचं वजन उतरवा आणि दोन्ही खोल्या पाडा. मी टेबल सुटं करून खाली आणलं, बारीकसारीक सामान एका पोत्यात भरलं. मशीनं दोर बांधून दारातून ओढून काढली. कोपऱ्यातलं तेवढं राहिलं, तिथं जायची कुणाची छाती झाली नाही. तिसऱ्या दिवशी चार वाजता, क्लासच्याच वेळेला, तो कोपरा मशीनसकट खाली गेला. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. एक घरंगळल्यासारखा आवाज, मग धूळ. झबलं मशीनलाच अडकलेलं होतं, तेही गेलं.

त्या संध्याकाळी बायको अंगणात खाटेवर बसून माझं पोतं उपसत होती. काय ठेवायचं, काय टाकायचं. डबे निघाले, रुळांचे तुकडे निघाले, आणि पत्रिकांचा एकात एक चिकटलेला गठ्ठा निघाला. तिनं तो उलटसुलट केला. टेबलाच्या पायाचा गोल वण सगळ्या पत्रिकांवर उमटला होता.

"हे काय?"

"टेबलाच्या पायाखाली घालत होतो. डबा पडायचा म्हणून."

ती एकेक पत्रिका सोडवून खाटेवर मांडायला लागली. सतरा निघाल्या. एकावर एक ठेवल्या तर चांगल्या बोटभर उंच. प्रत्येकीवरची तारीख वाचत होती. श्रावणातल्या पडझडीला ज्येष्ठातल्या लग्नाची पत्रिका, वैशाखातल्या पडझडीला चैत्रातल्या लग्नाची. शेवटी हातात जाड सोनेरी पत्रिका आली. वण तिच्यावर सगळ्यात खोल होता, नेमका वधूच्या नावावर.

"ही पयली?"

"व्हय."

"म्हंजे माघापासनं."

"मला वाटलं डब्यातच काय तरी खोट हाय."

"तीस वर्सं फिटर व्हता तुमी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "डबा चांगला हाय ते तुमाला पयल्याच दिवशी कळलं आसंल."

ती बरोबर बोलत होती.

तिनं पदरानं त्या पत्रिकेवरची धूळ पुसली आणि ती माझ्या पुढ्यात धरली. "ही तात्यास्नी नेऊन दावायची. पोरीसमोर दावायची. कवापासनं कळत व्हतं तेबी सांगायचं. मी येनार न्हाय बरोबर."

तात्यांचं घर दोन शेतं पलीकडं आहे, आमच्या अंगणातून त्यांचा दिवा दिसतो. मी पत्रिका घेतली आणि पायात चपला सरकवल्या.